ऑल्दो आणि सायखेड्याचा डबा

माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारे जवळजवळ सगळे एक चूक हमखास करतात. वाक्य ‘ऑल्दो’ने सुरू केलं की मध्ये ‘बट’ घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड. मी लाल पेनाने ‘बट’ खोडते, पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हजर. दोष त्यांचा नाही. आपण बोलायला लागल्यापासून ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ म्हणत आलो आहोत. ‘जरी’ला एकटं सोडलं तर मराठी कानाला वाक्य अर्धंच राहिल्यासारखं वाटतं. इंग्रजीला मात्र दोघांपैकी एकच चालतो, आणि ही एवढीशी गोष्ट अंगवळणी पडायला माणसाचे महिनेच्या महिने जातात.

निवृत्त झाल्यापासून गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी संध्याकाळी हा वर्ग घेते. येणारी मंडळी मोठी आहेत. नोकरीच्या परीक्षा देणारे, परदेशी जायच्या खटपटीत असलेल्या नर्स, द्राक्षं बाहेर पाठवणारा एखादा बागायतदार, ज्याला तिकडच्या खरेदीदाराशी फोनवर धड बोलता यायला हवं. मी लवकर चिडते. माझ्या माघारी ही मंडळी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यात काही खोटं नाही. पण या एका चुकीवर मी चिडत नाही. लहानपणी ती मीही करायची, आणि ती सुधारली माझ्या वडिलांनी.

नाना सायखेड्याला इंग्रजीचे शिक्षक होते. गोदाकाठचं मोठं गाव, वर्गातली पोरं शेतकऱ्यांची, आणि इंग्रजीच्या पेपरात ऑल्दो वापरून वाक्य पुन्हा लिहा असा प्रश्न दरवर्षी ठरलेला. तो सगळ्यांचा चुकायचा. मग नाना वर्गाच्या दाराशी जात, आतून कडी घालत आणि विचारत, आता बाहेरूनही घालू का? पोरं हसली की म्हणत, एक कडी घातली की दार बंद होतं, ऑल्दो घातलं की बटची गरज नाही. ‘डिस्पाइट’पुढे कुणी ‘ऑफ’ लावला की खडू खाली ठेवून ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे, ह्याला इथं आवतण कुणी दिलं? हा ‘इन स्पाइट’चा पाहुणा, ‘डिस्पाइट’च्या घरी त्याचं काय काम? त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज आजोबा झाली आहेत, तरी निफाडच्या बाजारात भेटली की मला हे आवतण ऐकवतात.

पुस्तकात एक वाक्य असायचं, तो गरीब असूनही प्रामाणिक होता. हे वाक्य आलं की नानांचं डोकं फिरायचं. गरीब असूनही म्हणजे काय, गरीब माणूस चोरच असतो असं धरून चालायचं का, असं म्हणून ते फळ्यावरून ते वाक्य पुसून टाकायचे आणि स्वतःची वाक्यं द्यायचे. नदीला पूर होता तरी टपाल आलं. कांदाचाळीत साठवलेला कांदा सडला होता तरी लग्न ठरल्या तारखेला झालं. ही वाक्यं पोरांना लगेच कळायची, कारण ती त्यांच्या घरात घडलेली असायची. मला एकदा ते म्हणाले होते, की बिकॉज लहान पोरालाही येतं, पण ऑल्दो कळायला वय व्हावं लागतं. दोन गोष्टी एकमेकींच्या उलट असतात, दोन्ही खऱ्या असतात, आणि दोन्ही एका वाक्यात नांदवायच्या असतात. तेव्हा मी नववीत होते आणि मला त्यातलं काहीएक कळलं नव्हतं.

असे हे नाना माझ्या घरी कधी जेवले नाहीत.

आमच्याकडे रिवाज असा, की लेकीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरी जेवायचं नाही. फार तर पाणी, चहा. पहिलं मूल झालं की वडील लेकीच्या घरी पाटावर बसतात, त्यांच्यासाठी पुरण शिजतं, जावई आग्रहाने वाढतो आणि त्या जेवणाची गोष्ट दोन्ही गावांत सांगितली जाते. माझं लग्न झालं आणि मी नाशिकला आले, तेव्हा या रिवाजाची मला गंमतच वाटली होती. महिन्यातून एकदा आई-नाना एसटीने यायचे. आई घरून डबा घेऊन यायची, बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मी केलेलं आम्ही दोघं खायचो, आणि त्याच टेबलावर समोर बसून ते दोघं त्यांचा डबा खायचे. वर्षभराचा तर प्रश्न आहे, असं आई हसून म्हणायची.

वर्षं गेली. मूल झालं नाही. त्या काळात जे जे करतात ते आम्ही सगळं केलं. नाशिकचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. दोनदा आशा लागली आणि दोनदा सरली. दुसऱ्या वेळी मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा नाना भेटायला आले होते. माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून खूप वेळ बसले, माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले, आणि जेवायची वेळ झाली तेव्हा पिशवीतून डबा काढून स्वयंपाकघरात एकटेच जेवून आले. त्या दिवशी मला त्यांचा पहिल्यांदा राग आला. माझ्या घरातली रिकामी जागा हा माणूस दर महिन्याला येऊन मला दाखवतो आहे, असं मला वाटलं.

पुढे आईने रिवाज सोडला. एका दिवाळीत ती आली आणि आल्या आल्या म्हणाली, मला भूक लागलीय, तुझ्या हातचं वाढ. मी रडत रडत तिला वाढलं होतं. नानांसाठी मात्र तिने त्याही दिवशी डबा आणला होता. मी तिला विचारलं, की हे कधी सोडणार. ती म्हणाली, तूच विचार, मला तर ते उत्तरच देत नाहीत. मी विचारलं नाही. माझ्या स्वभावात ते नव्हतं. वडिलांकडे जेवणाची भीक मागायची नाही, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

कॉलेजात शिकवताना ऑल्दोचा धडा आला की मी वर्गात नाही, पण स्टाफरूममध्ये एक वाक्य सांगायची. माझे वडील आयुष्यभर इंग्रजी शिकवत आले तरी ते लेकीच्या घरी जेवत नाहीत. सगळे हसायचे. हुंडा न घेता-देता लग्न लावणारा, गावातल्या मुलींच्या घरी जाऊन त्यांचं शिक्षण सुटू नये म्हणून बापांशी भांडणारा माणूस, आणि हे असं. मीही हसायची, पण घरी येताना ते वाक्य मला टोचत राहायचं. शिकलेल्या माणसाच्या आतलं गाव कधी जात नाही, असं मी नवऱ्याला म्हणायची. तो बँकेत होता, शांत माणूस. तो म्हणायचा, डबा आणतात ना, येतात ना, बस झालं. त्याला नाना आवडायचे आणि नानांना तो. मला या दोघांच्या समजूतदारपणाचा वैताग यायचा.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. त्याआधीच नानांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग आज सकाळी काय झालं ते. आई होती तोवर ती सावरून घ्यायची, त्यामुळे किती विसरतात ते आम्हाला कळलंच नव्हतं. ती गेल्यावर ते सायखेड्याच्या घरात एकटे राहीनात. एकदा दार उघडं टाकून नदीवर जाऊन बसले, शेजाऱ्यांनी आणून पोचवलं. मी एकुलती एक. मी त्यांना नाशिकला घेऊन आले.

आणि ते जेवेनात.

पहिल्या दुपारी मी पान वाढलं तर म्हणाले, भूक नाही. संध्याकाळी म्हणाले, सकाळचंच जड झालंय. दुसऱ्या दिवशी ताटाकडे पाहून हात जोडले आणि फार अदबीने, परक्या घरी बोलावं तसं, म्हणाले, आम्ही निघतोच आता, घरी जाऊन जेवू. दूध घेतलं, चहा घेतला, पण केळंसुद्धा खाल्लं नाही. बायको गेली हे ज्याच्या लक्षात राहत नव्हतं त्याच्या लक्षात लेकीच्या घरी जेवायचं नाही एवढं बरोबर राहिलं होतं. मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. मी ताट उचलून ओट्यावर आदळलं आणि नवऱ्याला म्हणाले, बघ, सगळं गेलं आणि हेच उरलं.

मार्ग दाखवला माझ्या एका विद्यार्थिनीने. ती देवळ्याकडची, इथल्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे आणि परदेशी जायच्या परीक्षेसाठी माझ्याकडे येते. नाना माझ्या वर्गाच्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असत. ते दिवसेंदिवस सुकत चाललेले तिच्या नजरेतून सुटले नाहीत. वर्ग संपल्यावर ती मागे थांबली आणि काय होतंय ते तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं म्हातारे पेशंट असंच करता. घरून डबा आला म्हटलं का जेवता. तुम्ही डबा आणा ना.” मी म्हटलं, कुठून आणू, डबा करणारी गेली. ती म्हणाली, “त्यांना कुठं माहीत हाय?”

दुसऱ्या दिवशी मी आईचा तो तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा काढला. भाकरी केली, वांग्याची भाजी केली, डब्यात भरली आणि थोडी निवू दिली, कारण सायखेड्याहून येणारं जेवण गरम नसतं. नवरा पायात चप्पल घालून, हातात हेल्मेट घेऊन डब्यासकट जिना उतरला, खाली थोडा वेळ उभा राहिला आणि वर येऊन त्याने बेल वाजवली. मी दार उघडलं. तो जरा मोठ्याने म्हणाला, की सायखेड्याहून डबा आलाय. नाना लगेच उठले, बेसिनवर हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसले. सगळी भाकरी खाल्ली. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे नळ सोडून उभी राहिले.

तेव्हापासून आमच्या घरात दोन्ही वेळा हे नाटक होऊ लागलं. नवरा ते मन लावून करायचा. कधी म्हणायचा, आज वाटेत चांदोरीला गाड्या अडकल्या होत्या म्हणून उशीर झाला. कधी हेल्मेट काढून घाम पुसल्यासारखं करायचा. नाना त्याला बसा म्हणायचे, जावईबापूंना उगाच त्रास, असं माझ्याकडे पाहून म्हणायचे. जेवताना त्यांचं लक्ष सगळं चवीवर असायचं. भाजी आवडली तर म्हणायचे, तुझ्या आईच्या हाताला अजून चव आहे. एखाद्या दिवशी भाकरी जाड झाली तर म्हणायचे, थकलीय आता ती, तिला सांग दगदग करू नको. मी हो म्हणायची. माझ्या हातचं ते दोन वेळा जेवत होते आणि त्यातला एकही घास माझ्या नावावर नव्हता. त्यांचं वजन भरलं, गालांवर रंग आला, आणि मला रोज थोडं थोडं कमी झाल्यासारखं वाटत गेलं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण तो एवढे जिने चढत-उतरत होता.

संध्याकाळी मात्र नाना माझे असायचे. वर्गात ते ऐकत बसत. आजूबाजूची माणसं कोण हे त्यांना कळत नसे, पण कुणी चुकीचं वाक्य बोललं की मान वर व्हायची. त्या नर्सने एकदा ‘डिस्पाइट आय वॉज सिक’ असं म्हटलं. मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, डिस्पाइट नंतर पूर्ण वाक्य येत नाही, नाम येतं, डिस्पाइट माय इलनेस म्हण, किंवा मग सरळ ऑल्दो घे. ती उठून त्यांच्या पाया पडली. त्या दिवशी ते फार खुशीत होते. मला म्हणाले, ही पोरगी शिकेल, हिचं लग्न लवकर करू देऊ नको. तिला दोन मुलं आहेत हे तिने त्यांना सांगितलं नाही.

असं उन्हाळ्यापर्यंत चाललं. मग नवऱ्याच्या पुतणीचं लग्न पुण्याला निघालं. नानांना सोडून दोघांनी जाणं शक्य नव्हतं, म्हणून तो एकटा गेला. जाताना म्हणाला, डब्याचं काय करशील? मी म्हटलं, करीन मी, त्यात काय आहे. मी स्वयंपाक केला, डबा भरला. त्या दिवशी गॅस उशिरा मिळाला होता आणि नाना दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन डबा आला का विचारून गेले होते. म्हणून मी भाजी निवायची वाट पाहिली नाही. गडबडीत पायात काही न घालता हळूच बाहेर पडले, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. दार उघडंच आहे असं म्हणत आपणच आत जायचं, असं मी ठरवलं होतं. तसं करायच्या आत दार आतून उघडलं. दारात नाना उभे होते.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग माझ्या अनवाणी पायांकडे. हात पुढे करून डबा घेतला आणि दुसरा हात त्याच्या बुडाला लावला.

“गरम आहे,” ते म्हणाले.

त्यांनी डबा टेबलावर ठेवला, पण ते बसले नाहीत. त्यांचे डोळे त्या दुपारी स्वच्छ होते. ते कधी कधी तसे असायचे, आणि मला त्या डोळ्यांची भीती वाटायची, कारण अशा वेळी ते आई कुठे आहे ते विचारत नसत.

“हे तू केलंस,” ते म्हणाले. “तुझी आई तर गेली.”

मग माझा तोल सुटला. एवढी वर्षं न बोललेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, हो, मीच केलंय, हिवाळ्यापासून मीच करतेय, तुम्ही रोज माझ्या हातचं जेवताय. आई जेवली, सगळं जग जेवलं, तुम्हालाच माझ्या घरचं अन्न चालत नाही. मला मूल नाही हे मला माहीत आहे नाना, तुम्ही दर महिन्याला डबा उघडून ते सांगायची गरज नव्हती. पोरांना शिकवताना फळ्यावरची वाक्यं पुसत होतात, मग हा रिवाज का नाही पुसलात? माझा आवाज शेजारी गेला असणार. म्हाताऱ्या, विसराळू बापाशी कोण असं बोलतं, असंही मनात येत होतं, आणि तरीही मी थांबत नव्हते.

नाना खुर्चीवर बसले. थोडा वेळ टेबलावर हात फिरवत राहिले, जणू तिथे खडूची धूळ होती.

“रिवाज मी मनातून केव्हाच सोडला होता, ताई,” ते म्हणाले. “तुझ्या आईच्या आधी सोडला असता. रिवाजाचं काय एवढं.”

“मग?”

“तू दवाखान्यातून आलीस ना दुसऱ्यांदा. त्यानंतर मी वणीला गेलो होतो. गडावर. देवीला बोललो, हिला मूल झालं की हिच्या घरी जेवीन. तोवर नाही. नवस सांगायचा नसतो. तुझ्या आईलाही नाही सांगितलं.”

मी उभीच होते. वणीच्या गडावर जाणारे नाना मला माहीत नव्हते. देवाचं नाव काढलं की आईची चेष्टा करणारे नाना मला माहीत होते.

“पण नाना, एवढी वर्षं? मध्येच का नाही सोडलंत? कळत नव्हतं का तुम्हाला?”

“कळत होतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पण मी जेवलो असतो तर मीच म्हटल्यासारखं झालं असतं ना, की आता हिला होणार नाही. ते मी कसं म्हणू?”

मी खुर्ची ओढून बसले. दवाखान्यातून आले त्या दुपारी पलंगाशी बसलेले नाना मला आठवले, माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करणारे. एकट्याने जेवून आले म्हणून मी ज्यांचा राग धरला होता, ते बहुतेक त्याच आठवड्यात गडाच्या पायऱ्या चढले होते. त्यांचं माझ्यावर प्रेम असूनही ते माझ्याकडे जेवत नाहीत, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. प्रेम होतं म्हणूनच ते जेवत नव्हते. माझा नवरा केव्हाच त्यातून बाहेर पडला होता. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर एका दुपारी बाळासाठी घेतलेल्या लहान कपड्यांची पिशवी कामवालीला देऊन टाकली होती आणि तो विषय बंद केला होता. आईने तर एका दिवाळीत माझ्याकडे जेवायला बसून तो बंद केला होता. ते तेव्हा मला कळलं नव्हतं, ते आता कळत होतं.

नाना माझ्या केसांकडे पाहत होते.

“तुझं वय काय झालं आता?” त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

“साठ होतील, नाना.”

“तुझं?”

“हो.”

त्यांनी मान खाली घातली. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तो पुढे निघून गेला. मला वाटलं ते पुन्हा विसरले, आता मान वर करून डबा आला का विचारतील, आणि मी देवाला म्हणाले, विसरू देत, त्यांना हे सगळं विसरू दे. पण ते विसरले नव्हते. ते उठले, बेसिनपाशी गेले, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि धोतराच्या सोग्याला हात पुसत परत आले. त्यांनी डबा हाताने बाजूला सारला.

“मग वाढ,” ते म्हणाले. “ताटात वाढ.”

मी ताट घेतलं. भाकरी वाढली, भाजी वाढली, लोणच्याची फोड ठेवली. हीच गोष्ट मला लग्न झाल्यापासून हवी होती. नाना माझ्या घरी, माझ्या ताटात, माझ्या हातचं आहे हे माहीत असताना जेवायला बसले आहेत, हे मी किती वेळा मनात पाहिलं होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि क्षणभर हातातच धरला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की नका खाऊ, आजचा दिवस थांबा. माझ्या बाळाची वाट पाहणारं या जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्यासमोर जेवायला बसलं होतं.

नानांनी घास तोंडात घातला. मी त्यांना आणखी थोडी भाजी वाढली.